ग्रॅफाइटवरील घर्षण अचानक शून्य किंवा दुप्पट का होते : वारंवार येणाऱ्या एका अडचणीचे निवारण

अणुबल सूक्ष्मदर्शकावर, म्हणजे प्रयोगशाळेत सगळेच ज्याला एएफएम म्हणतात त्या यंत्रावर, ग्रॅफाइटचे घर्षण मोजायला बसलेला विद्यार्थी तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी हमखास एकच तक्रार घेऊन येतो. ती तक्रार मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकली आहे की तिचे निवारण एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. सकाळी टोक, म्हणजे यंत्राची अतिसूक्ष्म सुई, ग्रॅफाइटवर टेकवले की ५ नॅनोमीटर लांबीच्या रेषेवर पार्श्व, म्हणजे आडव्या, बलाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा स्वच्छ उमटतो. जेवणाच्या सुट्टीनंतर नमुना तोच, सपाट पट्टा तोच, भार तोच आणि टोकही तेच असताना दाते पुसले जातात, जाताना आणि येताना मिळणाऱ्या दोन रेषा एकमेकींना चिकटतात आणि घर्षण जवळजवळ शून्य येते. कधी याच्या नेमके उलट होते आणि काहीही न बदलता घर्षण दुपटीने-तिपटीने वाढते. मग टोक बदलले जाते, नमुन्याचा वरचा थर नव्याने सोलला जातो, दोन दिवस सगळे सुरळीत चालते आणि पुन्हा तेच होते. मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात ही तक्रार अधिक येत असल्यामुळे सगळा दोष दमट हवेवर टाकून मोकळे होण्याची सवय लागते. तो दोष अंशतः खरा आहे, पण मूळ कारण बहुतेक वेळा दुसरे असते.

ते कारण आधीच सांगते. यंत्र बिघडलेले नसते आणि नमुनाही खराब झालेला नसतो. टोकावर ग्रॅफाइटची एक बारीक पापडी, जिला आम्ही फ्लेक म्हणतो, चढून बसलेली असते. त्या क्षणापासून आपण सिलिकॉनचे टोक ग्रॅफाइटवर घासत नसतो, तर ग्रॅफाइट ग्रॅफाइटवर घासत असतो, आणि या जोडीचे घर्षण दोन जाळ्या, म्हणजे दोघांतील अणूंच्या मांडण्या, एकमेकींशी किती अंशांच्या कोनात बसल्या आहेत यावर ठरते. पापडी टोकाखाली जराशी वळली की आकडा पडतो, परत जुळली की चढतो. याची खातरजमा कशी करायची आणि याच्यासारखेच दिसणारे इतर दोष आधी कसे वगळायचे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

निरोगी आलेख कसा दिसतो

ग्रॅफाइटच्या एका थरात कार्बनचे अणू षटकोनांत मांडलेले असतात, शेजारच्या दोन अणूंतील अंतर ०.१४२ नॅनोमीटर असते आणि जाळीची नक्षी दर ०.२४६ नॅनोमीटरनंतर पुन्हा तशीच येते. एक थर आणि त्याच्या खालचा थर यांत ०.३३५ नॅनोमीटर अंतर असते. हे तीन आकडे यंत्राशेजारच्या भिंतीवर लावून ठेवावेत, कारण पुढची बहुतेक तपासणी त्यांच्याच आधारे होते. टोक पुढे ओढले जाते तेव्हा ते नक्षीच्या एका खळग्यात अडकते, कॅन्टिलिव्हर, म्हणजे टोक जिच्यावर बसवलेले असते ती लवचीक पट्टी, पिळत जातो, पार्श्व बल सरळ रेषेत वाढते, आणि पीळ पुरेसा झाला की टोक झटक्यात पुढच्या खळग्यात उडी घेते. आलेखातील प्रत्येक दाता म्हणजे अशी एक उडी. म्हणून ५ नॅनोमीटरच्या रेषेवर, ती रेषा नक्षीच्या दिशेला धरून असेल तर, सुमारे वीस दाते मोजता आले पाहिजेत. ही मोजणी पडद्यावर बोट ठेवून करावी. संगणकाने काढून दिलेल्या सरासरीत वीस आणि पंचवीस यांतला फरक सहज निसटतो.

हा अनुभव सर्वप्रथम १९८७ मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील आल्मादेन संशोधन केंद्रात मेट, मॅकक्लेलंड, अर्लंडसन आणि चियांग यांनी घेतला. त्यांनी टंगस्टनची तार ग्रॅफाइटवर ओढली आणि घर्षणाच्या बलात ग्रॅफाइटच्या जाळीचाच ठेका त्यांना दिसला. या अडकण्या-घसरण्याचे गणित मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९२८ मध्ये प्रांट्ल यांनी मांडून ठेवले होते. त्या गणिताचा आपल्याला उपयोगी पडणारा भाग छोटा आहे. आलेखातील कमाल पार्श्व बलाला ६.२८ ने गुणावे, दात्याच्या चढत्या बाजूच्या उताराने (हा उतार न्यूटन प्रति मीटरमध्ये मिळतो) आणि जाळीच्या ०.२४६ नॅनोमीटर अंतराने भागावे, आणि आलेल्या संख्येतून १ वजा करावा. उत्तर १ पेक्षा मोठे असेल तर टोक अडकत-घसरत जाते, आणि लहान असेल तर ते खळग्यांवरून न अडखळता वाहत जाते. समजा कमाल बल ०.३ नॅनोन्यूटन आहे आणि उतार १ न्यूटन प्रति मीटर आहे, तर उत्तर साडेसहाच्या वर येते आणि दाते ठसठशीत दिसतात. तेच बल ०.०७ नॅनोन्यूटनवर उतरले तर उत्तर ०.८ च्या आसपास येते आणि दाते नाहीसे होऊन एक मऊ लाट उरते. बाझेल येथील गटाने २००४ मध्ये भार कमी करत करत हे संक्रमण प्रत्यक्ष दाखवले. तेव्हा दाते पुसले गेले म्हणजे काहीतरी मोडलेच असे समजू नये. मात्र भार कमी केलेला नसताना ते पुसले गेले, तर खळग्यांची खोली कोणी कमी केली हे शोधणे भाग आहे.

आधी वगळण्याच्या गोष्टी

सर्वांत आधी विजेची गुणगुण वगळावी, कारण तिने मला स्वतःला एकदा दोन आठवडे फसवले आहे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते. ५ नॅनोमीटरची रेषा यंत्र जाऊन-येऊन एका सेकंदात १.२३ वेळा पुसत असेल, तर टोकाचा वेग १२.३ नॅनोमीटर प्रति सेकंद होतो, आणि त्या वेगाला ५० हर्ट्झची गुणगुण बरोबर ०.२४६ नॅनोमीटर अंतराने दाते उमटवते. म्हणजे टोक ग्रॅफाइटला नीट टेकलेले नसले तरी पडद्यावर हुबेहूब ग्रॅफाइटची जाळी दिसते. माझे आलेख त्या काळात इतके देखणे येत होते की संशय घेण्याचे कारणच वाटत नव्हते. वीजपुरवठ्याच्या अर्थिंगची दुरुस्ती झाली आणि दुसऱ्या दिवशी माझी जाळी गायब झाली, तेव्हा मला कळले की मी काय मोजत होते. यावरचा उपाय फुकटचा आहे: वेग बदलावा. खरे दाते दर नॅनोमीटरला तितकेच राहतात, गुणगुणीचे दाते दर सेकंदाला तितकेच राहतात. वेग दुप्पट केल्यावर रेषेवरचे दाते निम्मे झाले, तर ते ग्रॅफाइटचे नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे भाराचा अंश पार्श्व बलाच्या वाटेत मिसळणे. कॅन्टिलिव्हरवरून परतणाऱ्या लेसरचा ठिपका फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या संवेदकावर, जरासा तिरका बसला की कॅन्टिलिव्हर वर-खाली वाकल्याचा संकेतही पिळल्यासारखा दिसतो. म्हणून जातानाची आणि येतानाची रेषा नेहमी एकत्र घ्यावी आणि त्यांच्या फरकाचा अर्धा भाग हेच घर्षण मानावे; एकाच दिशेच्या रेषेवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. पार्श्व बलाचे अंशशोधन (कॅलिब्रेशन) उतरणीच्या नमुन्यावर, ऑगलट्री, कारपिक आणि साल्मेरॉन यांनी १९९६ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने केलेले असले म्हणजे पुरे. त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

आता हवेकडे वळू. मुंबईच्या प्रयोगशाळेत तिला टाळता येत नाही.

ग्रॅफाइट आणि पाण्याची वाफ यांचे नाते मोठ्या मापात एक आहे आणि अणूंच्या मापात दुसरेच आहे, आणि या दोहोंची गल्लत केल्यामुळे पुष्कळ चुकीचे उपाय केले जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फार उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या विद्युतयंत्रांतील कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागावर घासत वीज पोचवणारे ठोकळे, अतिशय झपाट्याने झिजून त्यांची पूड होऊ लागली. कारण शोधता लक्षात आले की उंचावरच्या हवेत पाण्याची वाफ फारच थोडी असते, आणि रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की वाफेशिवाय ग्रॅफाइट चांगले वंगण राहत नाही. थर एकमेकांवर सहज सरकतात म्हणून ग्रॅफाइट वंगण आहे, हे शाळेत शिकवलेले स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरते. थरांच्या कडांवरील अणूंचे बंध मोकळे असतात, ते समोरच्या कडांना धरून ठेवतात, आणि वाफेचे रेणू त्या कडांवर बसले तरच ती पकड सुटते. कुलपात घातलेली ग्रॅफाइटची पूड मुंबईच्या पावसाळ्यातही काम करते, त्याचे हे एक कारण आहे.

परंतु एएफएमचे टोक सपाट पट्ट्याच्या मध्यावर, कडांपासून दूर टेकलेले असते. तिथे वाफ घर्षण कमी करत नाही, तर टोकाभोवती पाण्याची एक बारीक मान तयार करून त्याला खाली ओढते. केल्व्हिनच्या समीकरणाने खोलीच्या तापमानाला हिशेब केला तर ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेला त्या पाण्याच्या पृष्ठभागाची वक्रता-त्रिज्या सुमारे ०.६ नॅनोमीटर येते आणि ८० टक्क्यांना सुमारे २.४ नॅनोमीटर. टोकाची त्रिज्या १० नॅनोमीटर धरली आणि नुकत्याच सोललेल्या ग्रॅफाइटवर पाण्याचा स्पर्शकोन ६४ अंशांच्या आसपास धरला, तर ही मान टोकाला साधारण साडेसहा नॅनोन्यूटन बलाने खाली ओढते. विद्यार्थ्याने संगणकात भार २ नॅनोन्यूटन लिहिलेला असतो, आणि टोक प्रत्यक्षात त्याच्या चौपटीहून अधिक दाबलेले असते. वहीत मात्र २ हाच आकडा जातो. म्हणून प्रत्येक मालिकेच्या आधी आणि नंतर टोक उचलताना लागणारे बल, म्हणजे चिकटबल, मोजावे आणि ते भारात मिळवूनच घर्षणाचा आलेख काढावा. एवढे केल्यावर सकाळ आणि दुपार यांतला बराचसा तथाकथित फरक आपोआप मिटतो, असा माझा अनुभव आहे.

खोलीतला वातानुकूलक रात्री बंद होतो आणि सकाळी सुरू होतो, हेही ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात आमच्या खोलीतील आर्द्रतामापक सकाळी नऊला ७८ दाखवतो आणि दुपारी दोनला ५८ वर येतो. तेवढ्या वेळात स्कॅनर, म्हणजे टोकाला किंवा नमुन्याला सरकवणारा भागही, तापमानाबरोबर सरकत राहतो आणि जाळी तिरकी दिसते. आम्ही यंत्रावर ॲक्रिलिकची पेटी बसवून घेतली, क्रॉफर्ड मार्केटातून मत्स्यटाकीचा छोटा पंप आणला, तो कंप जाणवू नये म्हणून खोलीबाहेर ठेवला, आणि त्याची हवा सिलिका जेलच्या दोन नळकांड्यांतून पेटीत सोडली. तासाभरात पेटीतील आर्द्रता तिशीच्या खाली येते. जुलैमध्ये निळे दाणे तीन दिवसांत गुलाबी पडतात, म्हणून भट्टीत सुकवलेली दुसरी नळकांडी नेहमी तयार ठेवावी लागते. पंप सुरू ठेवूनच मोजमाप करावे; बंद केल्यास आर्द्रता पुन्हा चढते आणि मालिका अर्ध्यावर बदलते.

हवेतून केवळ पाणी येत नाही. नुकताच सोललेला ग्रॅफाइटचा पृष्ठभाग हवेतील तेलकट कर्बसंयुगे काही मिनिटांत ओढून घेऊ लागतो, आणि त्याचा पाण्याशी स्पर्शकोन ६४ अंशांवरून हळूहळू ९० अंशांकडे सरकतो. हे २०१३ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, तेव्हा ग्रॅफाइट मुळातच पाण्याला दूर ठेवते हा जुना समज बदलावा लागला. आमच्या इमारतीत खाली उपाहारगृह आहे आणि सकाळी दहाच्या सुमारास तिथे तळण सुरू होते. त्या वेळी खिडकी उघडी ठेवून सोललेल्या नमुन्यावर चिकटबल तासाभरात उतरत जाताना मी स्वतः मोजले आहे. आता नमुना बंद पेटीतच सोलला जातो. या कारणाने होणारा बदल संथ असतो, आणि एका ओळीत घर्षण कोसळले असेल तर दोष तेलकट थराला देऊ नये.

टोकावरची पापडी

अचानक होणाऱ्या बदलाची मोठी उकल नेदरलँड्समधील लायडन येथे २००४ मध्ये झाली. डीनविबेल, फ्रेंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टंगस्टनचे टोक ग्रॅफाइटवर ओढताना नमुना थोडा थोडा वळवला आणि प्रत्येक कोनाला घर्षण मोजले. काही थोड्या अंशांच्या अरुंद पट्टीत घर्षण काही शे पायकोन्यूटन होते, त्या पट्टीबाहेर ते यंत्राच्या मोजण्याच्या मर्यादेपर्यंत खाली गेले, आणि ६० अंश वळवल्यावर पुन्हा तितकेच वर आले. टंगस्टनच्या जाळीत ही षटकोनी सममिती असण्याचे कारण नव्हते. ती तेव्हाच समजते जेव्हा टोकाखाली ग्रॅफाइटची पापडी चिकटली आहे असे मानले जाते. त्यांच्या हिशेबाने ती पापडी जेमतेम शंभर अणूंची होती. पृष्ठभाग एकमेकांत न जुळल्याने घर्षण जवळजवळ नाहीसे होते, या स्थितीला सुपरल्युब्रिसिटी असे नाव हिरानो आणि शिंजो यांनी १९९० च्या सुमारास दिलेले होते. लायडनच्या प्रयोगाने ती ग्रॅफाइटवर, कोनासकट, दाखवून दिली.

पावसाळ्याआधी छपरावर पन्हळी पत्रे चढवताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यामागचे कारण समजायला वेळ लागत नाही. पत्र्यावर पत्रा नीट ठेवला की उंचवटा उंचवट्यावर आणि पन्हळ पन्हळीत बसते, आणि वरचा पत्रा आडवा ओढायचा तर प्रत्येक उंचवट्यावरून एकाच वेळी उचलावा लागतो. तोच पत्रा जरा तिरका ठेवला की तो फक्त काही उंचवट्यांच्या माथ्यावर टेकतो आणि एका हाताने सरकतो. पापडी तिरकी बसली की तिच्यातील काही अणू चढणीवर असतात तेव्हा बाकीचे उतरणीवर असतात, त्यांचे ढकलणे एकमेकांना रद्द करते, आणि टोकाला जाणवणारे खळगे उथळ होतात. वर दिलेल्या हिशेबातील उत्तर तेव्हा १ च्या खाली जाते आणि दाते पुसले जातात. पत्र्याची नक्षी एकाच दिशेची असते आणि ग्रॅफाइटची षटकोनी, एवढा फरक लक्षात ठेवावा.

मग आकडा पुन्हा चढतो कसा? पापडी टोकाला घट्ट खिळलेली नसते. फिलिपॉव्ह, उर्बाख आणि लायडनच्या मंडळींनी २००८ मध्ये दाखवले की ओढली जात असताना पापडीवर तिला वळवणारे बलही कार्य करते, आणि ती वळत वळत अखेर जुळलेल्या स्थितीत येऊन अडकते. म्हणून दुपारी मिळालेले शून्य घर्षण संध्याकाळपर्यंत टिकेलच असे नाही. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने मला हाक मारली, "मॅडम, जरा बघता का, आज घर्षण शून्य आलं." मी पोहोचेपर्यंत तिच्या डोळ्यांदेखत दाते परत आले होते, आणि तेही सकाळपेक्षा मोठे. तिला वाटले की तिच्याकडून काहीतरी हलले. खरे तर तिने अत्यंत मोलाची गोष्ट पाहिली होती, आणि आम्ही ताबडतोब ती प्रतिमा जतन केली.

पापडी आहे की नाही हे ठरवण्याची पहिली तपासणी त्या प्रतिमेतच होती. घर्षणाची प्रतिमा वरून खाली भरत असताना ज्या ओळीवर रंग एकदम बदलला, ती ओळ लक्षात ठेवावी आणि लगेच खालून वर दुसरी प्रतिमा घ्यावी. बदल पृष्ठभागातला असेल तर तो त्याच जागी पुन्हा दिसतो. बदल टोकातला असेल तर त्या जागी काहीच दिसत नाही, किंवा तो भलत्याच ओळीवर दिसतो. या तपासणीला दहा मिनिटे लागतात, कोणतेही साहित्य लागत नाही, आणि तरीही टोक काढून फेकण्याआधी ती करणारे विद्यार्थी फार थोडे भेटतात, याचे मला वाईट वाटते.

दुसरी तपासणी कोनाची. नमुना १५-१५ अंशांनी वळवून पाच ठिकाणी मोजावे. सिलिकॉनच्या टोकावर नैसर्गिक ऑक्साइडचा थर असतो, त्याला सुबक जाळी नसते, त्यामुळे उघड्या टोकाचे सरासरी घर्षण कोनाबरोबर फारसे बदलू नये. ते कित्येक पटींनी बदलत असेल आणि ६० अंशांना मूळ जागी येत असेल, तर पापडीबद्दल शंका उरत नाही. नमुना वळवताना टोक उचलावे लागते आणि पुन्हा टेकवताना पापडीच वळू शकते, म्हणून प्रत्येक कोनाला किमान तीनदा टेकवून पाहावे, आणि तीनही वेळा आकडे वेगळे आले तर त्या विखुरण्यालाच पापडीचा पुरावा मानावे.

तिसरी तपासणी शेवटीच करावी, कारण तिच्यात पापडी निघून जाण्याचा धोका असतो. नमुन्याच्या चकतीवर ग्रॅफाइटशेजारी अभ्रकाचा एक तुकडा कायम चिकटवलेला असावा. अभ्रकाची नक्षी ०.५२ नॅनोमीटरची असते, म्हणजे ५ नॅनोमीटरमध्ये नऊ-दहा दाते. नवीन टोक लावल्यावर सर्वप्रथम अभ्रकावरचे घर्षण आणि चिकटबल नोंदवावे, आणि शंका आल्यावर तिथेच परत यावे. दोन्ही आकडे सकाळच्या तुलनेत एकदम कमी झाले असतील तर टोकाने अंगावर काहीतरी पांघरले आहे. ते फक्त बोथट झाले असते तर चिकटबल वाढले असते.

पापडी चढू नये म्हणून

ती येते कुठून याचा माग आम्ही बरेच दिवस घेतला, आणि बहुतेक वेळा तो पायऱ्यांपाशी जाऊन पोहोचला. ग्रॅफाइटचा पृष्ठभाग कितीही आरशासारखा दिसला तरी त्यावर ०.३३५ नॅनोमीटर उंचीच्या किंवा तिच्या पटीतल्या पायऱ्या असतात, आणि पायरीच्या कडेवरील अणूंचे बंध अपुरे असतात. टोक खालच्या पट्ट्यावरून वर चढताना त्या कडेला ढकलते, भार अधिक असेल तर कड दुमडते किंवा फाटते, आणि फाटलेला तुकडा टोकाला चिकटतो. विद्यार्थी नेमके हेच करतात: चांगली जागा शोधण्यासाठी एक मायक्रोमीटरची मोठी प्रतिमा घेतात, तिच्यात दहा-पंधरा पायऱ्या असतात, आणि ती प्रतिमा घर्षणाच्याच टोकाने, घर्षणाच्याच भाराने घेतलेली असते. म्हणजे मोजमाप सुरू होण्यापूर्वीच टोकावर पापडी चढलेली असते. जागा शोधताना भार शक्य तितका कमी ठेवावा, किंवा टॅपिंग पद्धत, जिच्यात टोक घासले न जाता पृष्ठभागाला फक्त टिचक्या मारते, वापरावी, आणि किमान दोनशे नॅनोमीटर रुंदीचा पायरीविरहित पट्टा मिळाल्यावरच संपर्कात उतरावे. एचओपीजी, म्हणजे प्रयोगांसाठी मिळणारे सुव्यवस्थित थरांचे कृत्रिम ग्रॅफाइट, विकत घेतानाही याचा विचार करावा. झेडवायएच प्रतीत स्फटिकांचा विस्कळीतपणा ३.५ अंशांच्या आसपास असतो, झेडवायबीत ०.८ आणि झेडवायएत ०.४. स्वस्त प्रत टेप सोलण्याच्या सरावासाठी ठीक आहे, परंतु तिच्यावर रुंद पट्टे फार कमी मिळतात, आणि वाया जाणाऱ्या टोकांची किंमत धरली तर ती स्वस्त पडत नाही.

सोलण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. सेलोटेप दाबून बसवावा, पण नखाने घासू नये. मग तो पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश ओढावा. टेपवर अखंड, चकचकीत थर आला पाहिजे. तो तुकड्या-तुकड्यांत आला असेल तर उरलेले तुकडे नमुन्यावर उभे राहिलेले असतात, आणि खोलीतला दिवा बंद करून बॅटरीचा उजेड आडवा टाकला की ते चमकताना दिसतात. असा नमुना पुन्हा सोलावा. हवेच्या फुग्याने फुंकून भागत नाही.

एक शेवटचा सारखा दिसणारा प्रकार उरतो. काही जागी टोक स्वच्छ असते, आर्द्रता कमी असते, पायरी दूर असते आणि तरीही घर्षण दुप्पट येते. तिथे सर्वांत वरचा थर खालच्यापासून सुटलेला असण्याची शक्यता असते. २०१० मध्ये ली, कारपिक, होन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ग्राफीनसारख्या (ग्राफीन म्हणजे ग्रॅफाइटचा सुटा एकच थर) पदार्थांचा एकच थर सैल आधारावर असेल तर त्याचे घर्षण जाड थरांपेक्षा जास्त असते, कारण पातळ पत्रा टोकापुढे सुरकुतीसारखा उचलला जातो आणि टोकाला अधिक धरतो. याची खूण आलेखाच्या सुरुवातीलाच मिळते: ओळीच्या आरंभीचे पहिले काही दाते लहान असतात, ते क्रमाने मोठे होत जातात आणि मग स्थिरावतात. पापडीच्या बाबतीत ही वाढ दिसत नाही. तसे आढळल्यास जागा बदलावी. टोक बदलण्याची गरज नसते.

पापडी चढलेले टोक फेकून द्यावे का, असे मला नेहमी विचारले जाते. माझे उत्तर नाही असे आहे. जास्त भाराने अभ्रकावर घासून पापडी काढता येते, पण त्यात टोक बोथट होते आणि त्याचे आधीचे आकडे नंतरच्या आकड्यांशी जुळवता येत नाहीत. त्यापेक्षा ते टोक वेगळ्या डबीत ठेवावे, डबीवर "ग्रॅफाइटवर ग्रॅफाइट" असे लिहावे आणि कोनाच्या मोजमापासाठी राखून ठेवावे. अशी पापडी मुद्दाम चढवायला गेले तर सहजासहजी चढत नाही. आणि ज्या दिवशी पापडी चढली त्या दिवसाची मोजमापे खोडू नयेत. त्या विद्यार्थिनीने आपल्या वहीत दुपारी १ वाजून ४० मिनिटांनंतरच्या सर्व ओळींसमोर टोकाच्या रकान्यातला "सिलिकॉन" हा शब्द कापून "ग्रॅफाइट, कोन अज्ञात" असे लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच टोकाने, त्याच नमुन्यावर, शून्य अंशापासून कोनाची मालिका सुरू केली.